वाचकांचे प्रश्न: कप, ढाल आणि उधारी

मागच्या अंकात छोट्या धंद्यांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर बरीचशी पत्रं ट्रॉफी आणि मोमेंटोच्या धंद्यावरच आली. नवल नाही म्हणा. आपल्या गोव्यात चवथीला घुमट (तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य) आरती स्पर्धा, दिवाळीला नरकासुर, शिगम्याला रोमटामेळ, मध्ये भजन, फुगडी, रांगोळी, आणि पाऊस उतरला की गावागावात फुटबॉल, त्यामुळे दर आठवड्याला कुठे ना कुठे कोणीतरी स्टेजवर कप उचलतंच. मी स्वतः याच लाईनीत आहे म्हणून संपादकांनी पत्रं माझ्याकडे सरकवली. सगळ्यांची उत्तरं एका अंकात बसणार नाहीत, निवडक घेतलीत.

माझा डिप्लोमा झालाय, तीन लाखांच्या आसपास साठवलेत. लेझर मशीन घेऊन ट्रॉफीचं दुकान टाकायचंय. कुठली मशीन घेऊ? एकजण म्हणतो एकाच मशीनमध्ये सगळं होतं.
वाळपईहून एक वाचक

मित्रा, एका मशीनमध्ये सगळं होतं असं सांगणारा माणूस मशीन विकणारा असतो, एवढं आधी लक्षात ठेव.

या धंद्यात लेझर मुख्यतः दोन जातीचे. सीओटू लेझर ॲक्रेलिक, लाकूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), चामडं यांवर चालतो, कापतो पण आणि कोरतो पण. पण साध्या पितळेवर किंवा स्टीलवर तो काही करत नाही, किरण परत फिरतो, वर कोटिंग असेल तरच खूण उमटते. फायबर लेझर बरोबर उलटा, धातूवर मस्त कोरतो, पण पारदर्शक ॲक्रेलिकमधून सरळ आरपार जातो. म्हणजे मेडलच्या मागे नाव कोरायचं तर फायबर आणि ॲक्रेलिकचा मोमेंटो कापायचा तर सीओटू. दोन्ही घेतलेस तर तुझे तीन लाख तिथंच संपले, मग माल कशातून भरणार आणि दुकानाचं डिपॉझिट कोण देणार?

माझं ऐकशील तर पहिल्या वर्षी लेझर घेऊच नको. हसू नको. ट्रॉफीच्या दुकानात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं काम जोडणीचं असतं: बेस, मधला कॉलम, वरचा कप किंवा फिगर, सगळं सुटं येतं, नट-बोल्टने आवळायचं आणि पुढे प्लेट लावायची. खेळाचं सामान आणि ट्रॉफ्या मेरठ, जालंधरकडून येतात, पितळेचा माल मुरादाबादचा, आणि लगेच हवं असेल तर मुंबईला धोबी तलावाच्या बाजूला खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून रात्रीच्या बसने पार्सल सकाळी म्हापशाला किंवा पणजीला उतरतं. सुटे भाग घेतलेस तर पार्सल पण लहान होतं आणि तुटफूट पण कमी, शिवाय त्याच बेसवर आज बॅट्समन लावायचा, उद्या फुटबॉलवाला.

प्लेटसाठी सब्लिमेशनचा सेट घे. सब्लिमेशनची शाई भरलेला प्रिंटर, हीट प्रेस आणि कोटिंगवाली ॲल्युमिनियम शीट, झालं. कागदावर उलटं प्रिंट काढायचं, साधारण १८० ते २०० डिग्रीला मिनिटभर दाबायचं, की रंगीत प्लेट तयार, क्लबचा लोगो आणि स्पॉन्सरचा फोटो सकट. लेझरच्या मानाने खर्च अगदीच थोडा. कोरीव काम आलं तर ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडून जॉबवर्क करून घे. त्याच्याकडे महिन्याला तुझी किती बिलं होतात ते वहीत लिहीत जा, ज्या दिवशी जॉबवर्कचं बिल मशीनच्या हप्त्याच्या पुढे जायला लागलं त्या दिवशी मशीन बुक कर, तोपर्यंत नाही. आणि तेव्हा बहुतेक सीओटूच आधी लागेल, कारण आजकाल ॲक्रेलिक मोमेंटोला जास्त मागणी.

मशीन घेशील तेव्हासाठी दोन-चार गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. ॲक्रेलिक कास्ट आणि एक्स्ट्रुडेड अशा दोन प्रकारात येतं, कोरायचं असेल तर कास्टच माग, त्यावर अक्षर पांढरं दुधी उठतं, एक्स्ट्रुडेडवर नुसतं पुसट दिसतं. स्वस्त आहे म्हणून कोणी एक्स्ट्रुडेड गळ्यात मारतो आणि मग आपण मशीनला दोष देत बसतो. सनबोर्ड लेझरमध्ये कधी घालू नको, तो पीव्हीसी असतो, जळला की क्लोरीनवाला विषारी धूर येतो, तुझ्या छातीला वाईट आणि मशीनच्या लोखंडाला गंज चढतो तो वेगळाच. ॲक्रेलिक कापताना मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही, ते पेट घेतं. फायबर लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी असं नाही, त्याच्या वेव्हलेंथचा चष्मा मिळतो तोच लावायचा, उन्हाचा गॉगल नाही.

आणि वाळपईत वीज कशी जाते-येते ते मी तुला सांगायला नको. स्टॅबिलायझर आणि युपीएस मशीनच्या कोटेशनमध्येच धर.

घरातून मोमेंटो आणि कप करून देते. ऑर्डर बऱ्या येतात पण वर्षअखेर हातात काही दिसत नाही. १८० रुपयांचा कप २५० ला विकते, म्हणजे सत्तर सुटतात ना? शिवाय एका स्पोर्ट्स क्लबचे पैसे आठ महिने अडकलेत.
फोंड्याहून एक वाचक

ताई, सत्तर सुटत नाहीत, उलट तुमच्याच पदरचे जातायत. बसा जरा, हिशेब करू.

कप १८०. त्याच्या पार्सलचं भाडं नगाला धरा १५. प्लेट १०, खोका आणि बबल रॅप १०. दर खेपेला एखाददुसरा कप दांडी मोडलेला निघतो, तो खर्च बाकीच्यांवर वाटला तर नगाला ८ म्हणू. झाले २२३. आता तुम्ही डिझाईन करता, क्लबच्या माणसाशी तीनदा फोनवर बोलता, प्लेट चिकटवता, पुसता, पॅक करता, यात वीसेक मिनिटं सहज जातात, तासाला १२० रुपये जरी स्वतःला दिलेत तरी ४० झाले. २६३. वीज, इंटरनेट, प्रिंटरची शाई, स्कूटरचं पेट्रोल, घरची खोली वापरता तिचं काही, मिळून नगाला ३० धरा. २९३ झाले आणि तुम्ही विकताय २५० ला, म्हणजे कपामागे ४३ रुपयांचा खड्डा. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमचे तुम्ही भरा, पण कॉलम हेच ठेवा. घरातून धंदा करणाऱ्या बायका स्वतःच्या वेळेचा कॉलमच टाकत नाहीत आणि मग गिऱ्हाईकाला वाटतं घरगुती म्हणजे स्वस्तच असणार.

दुसरं म्हणजे कपाची किंमत आणि नावाची किंमत वेगळी सांगायला शिका. कप तर गिऱ्हाईक ऑनलाईन पण बघतं, तिथे तुमची त्याच्याशी तुलना होणार आणि तुम्ही हरणार. पण रविवारी दुपारी फायनल, शनिवारी संध्याकाळी स्पॉन्सर बदलला, आता चार प्लेटा नव्या हव्यात, हे काम ऑनलाईनवाला करत नाही. तुमचे पैसे तिथे आहेत. अर्जंटचा दर वेगळा लावा आणि तो आधीच रेटकार्डवर छापून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मागताना संकोच नको.

आता उधारी. क्लबाकडे विचारलं की खजिनदार सांगतो स्पॉन्सरचे यायचेत, स्पॉन्सर सांगतो मी तर अध्यक्षाकडे दिले, अध्यक्ष तोपर्यंत पुढच्या टुर्नामेंटच्या मीटिंगात. ह्या फेऱ्यात अडकायचंच नाही. प्लेटवर नाव छापलं की तो माल जगात फक्त त्या एकाच गिऱ्हाईकाचा, दुसरा कोणी तो घेणार नाही, म्हणून अर्धे पैसे ॲडव्हान्स आल्याशिवाय प्लेट मारायला घ्यायची नाही आणि उरलेले माल उचलताना. ओळखीचा असो, वाड्यावरचा असो, पंच असो. स्पॉन्सरचं नाव मोठ्या अक्षरात हवं असेल तर सरळ सांगा की बिल स्पॉन्सरच्याच नावाने करते, त्यांचा नंबर द्या. आमदार चषक, सरपंच चषक वगैरे असेल तर अजून सांभाळून, कारण आचारसंहिता लागली की टुर्नामेंटच पुढे जाते आणि कपावर तारीख मात्र जुनीच कोरलेली.

त्या जुन्या आठ महिन्यांच्या उधारीसाठी: क्लब पुन्हा येईल, येतातच, तेव्हा मागचं मिटवा मग नवीन बोलू एवढंच म्हणायचं. भांडण नको.

कंपन्यांना माल देत असाल तर मात्र तुमच्या हातात कायदा आहे. उद्यम नोंदणी करून घ्या, ऑनलाईन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, कोणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला नमस्कार करा. नोंदणी झालेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. शिवाय आता आयकरात पण तशी तरतूद आलीय की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, त्यामुळे त्यांचे अकाउंटवाले मार्च आला की स्वतःहून फोन करतात. एक मेख आहे, नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला हा उशिराच्या पैशांचा फायदा मिळत नाही. तुम्ही बनवता, छापता, कोरता, तर नोंदणी करताना उत्पादन किंवा सेवा असं नीट नोंदवा.

गेल्या पावसात गोडाऊनमधल्या लाकडी ढालींच्या कडा फुगल्या आणि पितळी कप काळे पडले. उपाय?
कुडचड्याहून एक वाचक

त्या लाकडी नाहीत, एमडीएफच्या असणार. एमडीएफ पाणी पितो, आणि पितो तो कापलेल्या कडेतून, वरच्या लॅमिनेटमधून नाही. माल आला की कडांना सीलर किंवा लॅकरचा हात मारून घ्या, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. जूनच्या आधी एमडीएफचा साठा कमीच करा, पावसात ॲक्रेलिक विका. पितळेवर लॅकर असेल तर ब्रासो लावू नका, लॅकर निघतो आणि मग आणखी लवकर काळं पडतं. मेडलच्या रिबिनींना बुरशी येते, त्या वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायच्या.

प्रिंटिंगचं दुकान आहे, आता ट्रॉफीपण ठेवतो. एका क्लबला हुबेहूब फुटबॉल वर्ल्ड कपसारखा कप हवाय, दुसऱ्या एका संस्थेला मोमेंटोवर तीन सिंहांची मुद्रा हवीय. देऊ का?
मडगावहून एक वाचक

दोन्हीला नाही म्हणा. सासष्टीत वर्ल्ड कपच्या वर्षी हा कप मागणारे भरपूर येतात हे मला माहीत आहे, एका घरावर ब्राझीलचा झेंडा आणि समोरच्या घरावर पोर्तुगालचा, मग बक्षीस पण तसंच हवं वाटतं. पण त्या कपाचं डिझाईन फिफाच्या मालकीचं आहे आणि ते लोक त्याबाबतीत फार जागरूक असतात. सिल्व्हियो गाझानिगा नावाच्या इटालियन शिल्पकाराने केलेला कप, १९७४ पासून वापरात, ३६.८ सेंटीमीटर उंच, सहा किलोच्या वर वजन, १८ कॅरेट सोनं आणि खाली मॅलाकाइटचे हिरवे पट्टे. जिंकलेल्या देशालासुद्धा तो घरी न्यायला मिळत नाही, सोन्याचा मुलामा दिलेली कांस्याची प्रत मिळते. आता जिथे जगज्जेत्यांना अस्सल मिळत नाही तिथे आपल्या क्लबला रेझिनचा हुबेहूब कशाला हवा? एखादा बॉल, त्याखाली गावाच्या चर्चची किंवा देवळाची नक्षी, असं काही स्वतःचं करून द्या, क्लबला पण आवडतं, आणि पुढच्या वर्षी तोच कप हवा म्हणून परत तुमच्याकडेच यावं लागतं.

सिंहमुद्रेचं तर अजून गंभीर आहे. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेला वाटतं सिंह लावले की वजन येतं. त्यांचं वजन वाढेल पण अडचणीत तुम्ही पण याल, कारण छापलं तुम्ही. सरकारी खात्याने स्वतः लेखी ऑर्डर दिली तर गोष्ट वेगळी, तीही फाईलला लावून ठेवा.

बायकोच्या नावाने धंदा सुरू करायचाय, कर्ज कुठून मिळेल?
सांगेहून एक वाचक

नुसती नावापुरती बायको नको, बँकेचा मॅनेजर प्रश्न तिलाच विचारणार. थोडंच लागत असेल तर मुद्रा कर्ज, शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत. नवीन युनिट आणि मशीनसकट मोठं करायचं असेल तर पीएमईजीपी ही केंद्राची योजना बघा, त्यात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. ते अनुदान हातात रोख मिळत नाही, बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि धंदा चालू असेल तर मग कर्जात वळतं होतं, हे आधी समजून घ्या म्हणजे नंतर कुरकुर नको. राज्याची मुख्यमंत्री रोजगार योजना ईडीसी या राज्याच्या महामंडळामार्फत चालते, पणजीला त्यांच्या कार्यालयात एकदा जाऊन बसा.

पेडण्यात दुकान आहे, बस्तान बसलंय. पण मे संपला की सप्टेंबरपर्यंत माशा मारतो. धंदा वाढवायचा कसा? सावंतवाडी-बांद्याकडच्या शाळा पण विचारतात, तिकडे माल देऊ का?
पेडण्याहून एक वाचक

आधी शेवटचं घेतो कारण त्यात पाय अडकेल. गोव्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे खरं. पण तुम्ही माल दुसऱ्या राज्यात पाठवलात की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. बांदा तुम्हाला इथंच पलीकडे वाटतो, कायद्याला तो महाराष्ट्र. आणि जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांसाठी कमी, सरसकट दराची) असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. तिकडच्या शाळा वर्षाला किती ऑर्डर देणार ते पाहून सीएशी बोला. माझं मत विचाराल तर तुमचं दुकान बस्तान बसलेलं आहे, नोंदणी करून रेग्युलर बिलं फाडायला लागा, कारण खरी वाढ ज्या गिऱ्हाईकांत आहे त्यांना टॅक्स इनव्हॉइस लागतंच.

ती गिऱ्हाईकं म्हणजे हॉटेलं आणि कारखाने. मांद्रे, मोरजी, हरमलला हॉटेलं आहेत, त्यांना ट्रॉफी वर्षातून एकदा लागते, पण खोल्यांचे नंबर, कीचेन, स्टाफचे नेमबॅज, टेबलावरचे क्यूआर कोडचे स्टँड, हे कायम चालू असतं, आणि हे सगळं त्याच लेझरवर होतं ज्यावर तुम्ही मोमेंटो कापता. हॉटेलवाले पावसातच डागडुजी काढतात, त्यामुळे हे काम नेमकं तुमच्या माशा मारायच्या महिन्यांत येतं. तुये, कुंडई, वेर्णा इथल्या कारखान्यांच्या एचआरला मार्चच्या आधी भेटा, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, आठवडाभर पोस्टर, स्लोगन, क्विझ अशा स्पर्धा आणि प्रत्येकाला बक्षीस. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांचा सत्कार, रिटायर होणाऱ्यांचा सत्कार, ह्या ऑर्डरी छोट्या असतात पण दर महिन्याला असतात, आणि भाव तोडून मागत नाहीत.

आणि पावसात गोव्यात कार्यक्रम नसतात हे कोणी सांगितलं तुम्हाला? मैदानावरचे नसतात. हॉलमधले जोरात असतात. दहावी-बारावीचा निकाल लागला की प्रत्येक समाज, प्रत्येक क्रेडिट सोसायटी, प्रत्येक देवस्थान गुणवंतांचा सत्कार ठेवतं, जून-जुलै पूर्ण. २४ जूनला सांजाव (सेंट जॉनचं फेस्त), त्यात कोपेलच्या, म्हणजे फुलापानांच्या मुकुटांच्या स्पर्धा, होड्यांच्या स्पर्धा. १ जुलैला डॉक्टर्स डे. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन. मग चवथ आली की माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-पानांची सजावट) स्पर्धा, सजावट स्पर्धा, घुमट आरती. तुम्ही दुकानात बसून वाट बघता, ते लोक म्हापशाला जाऊन घेऊन येतात, एवढाच फरक. मे महिन्यात एक दिवस काढून तालुक्यातल्या सोसायट्या आणि देवस्थान समित्यांच्या सचिवांचे नंबर गोळा करा, मागच्या वर्षी कार्यक्रम कधी झाला ते विचारून वहीत तारखेसमोर लिहा, आणि त्या तारखेच्या तीन आठवडे आधी फोटो पाठवा. तीन आठवडे आधी, कारण समितीची मीटिंग तेव्हा होते. आठवडाभर आधी पाठवलात तर ऑर्डर गेलेली असते आणि दोन महिने आधी पाठवलात तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणखी एक, फिरता चषक. ज्या स्पर्धा दरवर्षी होतात त्यांना चांगला मोठा फिरता चषक सुचवा, खाली गोल बेसभर छोट्या प्लेटा, दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव. एकदाच विकला पण दरवर्षी तो प्लेटीसाठी आणि पॉलिशसाठी तुमच्याकडे येणार, आणि सोबत बाकीच्या छोट्या ट्रॉफ्यांची ऑर्डर पण.

नावांच्या चुकांनी वैताग आलाय. दर कार्यक्रमाला एक तरी प्लेट परत येते.
डिचोलीहून एक वाचक

येणारच. आपल्याकडे एकाच आडनावाची रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, तीन-तीन स्पेलिंगं, जुनं पोर्तुगीज वळणाचं एक, शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, आणि फेसबुकवरचं तिसरं. डिसोझांचं तर विचारूच नका. आणि स्टेजवर नाव वाचल्यावर माणूस फोटो काढतो तेव्हा पहिलं प्लेटकडेच बघतो.

फोनवर नाव घ्यायचं नाही, कधीच नाही. यादी व्हॉट्सॲपवर टाईप करून मागायची, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पण नको. त्या यादीतून कॉपी-पेस्ट करायचं, परत टाईप करायचं नाही. मग सगळ्या प्लेटा एका पानावर लावून त्याची इमेज एकाच माणसाला पाठवायची, समितीच्या ग्रुपवर नाही. ग्रुपवर सात जण थम्सअप देतात आणि वाचत एकही नाही. त्या एकाने 'ओके' लिहून पाठवलं की मगच छापायचं, आणि ओके नंतरची चूक त्यांच्या खर्चाने, हे ऑर्डर फॉर्मवर छापलेलं असू दे.

मराठी-कोंकणी मजकुराचा वेगळा ताप असतो. समितीवाले युनिकोडमध्ये पाठवतात, आपल्या कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने श्री-लिपी फॉन्ट, आणि बदलताना र्‍ह आणि क्ष फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. 'कुऱ्हाडे' आणि 'गोऱ्हे' असली नावं असतील तर ती मोठी करून डोळ्यांनी तपासा. फाईल जॉबवर्कला बाहेर देत असाल तर सगळं टेक्स्ट कर्व्ह करूनच (अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) द्या, नाहीतर त्याच्या कंप्युटरवर तो फॉन्ट नसला की तुमच्या 'प्रथम क्रमांक'चे चौकोन होतात.

'प्रमुख पाहुणे' लिहिलेल्या दोन-तीन कोऱ्या प्लेटा सोबत देऊन टाका, पाहुणे बदलतातच. त्याखाली नाव मार्करने घालता येतं, अगदीच वेळ आली तर.

मी शिक्षिका आहे, नोकरी सांभाळून मोमेंटो करते. सगळीकडे तेच तेच ॲक्रेलिकचे तारे आणि ज्योती बघून कंटाळा आला. गोव्याचं वाटेल असं काय करता येईल? आणि ॲक्रेलिक पुसल्यावर बारीक तडे जातात ते का?
काणकोणहून एक वाचक

बाई, तडे आधी. लेझरने कापलेल्या ॲक्रेलिकच्या कडेत ताण राहिलेला असतो, त्यावर स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, कधी लगेच तर कधी दुसऱ्या दिवशी, नेमके कार्यक्रमाच्या टेबलावर. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. वरचा कागद कापायच्या आधी काढू नका, तो असला की धुराचे डाग पण पडत नाहीत.

गोव्याचं म्हणाल तर तुमच्या आजूबाजूलाच पडलंय. कुंकळ्ळीचे चितारी लाखेच्या रंगाचं लाकूडकाम करतात, पाट, पाळणे, तेच हात छोटी ढाल किंवा बेस पण करू शकतात, आधी दोन नमुने करून घ्या. डिचोलीकडे मातीकाम करणारे आहेत. आझुलेजोच्या, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाईलच्या धर्तीवर निळ्या-पांढऱ्या टाईलचा मोमेंटो छान दिसतो, हाताने रंगवलेली टाईल परवडत नसेल तर सब्लिमेशनची कोटेड टाईल घ्या, दिसायला तितकी बरी नाही पण चालते. भजन आणि घुमट आरतीच्या स्पर्धांना छोटं घुमट द्या, मातीचंच, लाकडी बेसवर. फक्त ते बनवणाऱ्याला तोंडावर कातडं कसलं ते आधी विचारून घ्या. बकरीचं असलं पाहिजे. पूर्वी घोरपडीचं लावायचे, घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि तसला नग दुकानात ठेवणं पण गुन्हाच. शोभेच्या छोट्या घुमटाला कातड्याऐवजी जाड कापड ताणलं तरी कोणाला काही वाटत नाही.

हाताने केलेल्या मालात दोन नग सारखे येत नाहीत, ते गिऱ्हाईकाला नमुना दाखवतानाच सांगा. आणि अशी ऑर्डर निदान दीड महिना आधी घ्यायची. तुमच्याकडे परीक्षेचे पेपर तपासायचे असतील त्या महिन्यात तर नकोच.